आयपेरीचे वडील

त्या गुरुवारी मी माझ्या जिवंत मुलीला गेलेल्यांच्या पंगतीत बसवलं आणि वर ओमीन म्हणून मोकळी झाले. चूक एका शब्दाची होती. आमच्याकडे गुरुवारी वास काढतात. कणकेचे चौकोनी तुकडे तापल्या तेलात सोडायचे, ते टम्म फुगून बोरसोक होतात, आणि त्यांचा वास गेलेल्या माणसांना पोचतो. खाता येत नसलं तरी हुंगता येतं बिचाऱ्यांना. मग जेवणाची चादर, दस्तरखान, अंथरून तिच्याशी बसायचं, येत असेल तेवढं कुराण म्हणायचं, एकेकाचं नाव घेऊन ते पोचवायचं, ओमीन म्हणत तळवे चेहऱ्यावरून फिरवायचे आणि चहा ओतायचा. चहा ओतला की ते परत जातात. पुढच्या गुरुवारपर्यंत त्यांनी आपल्याला छळायचं नाही आणि आपण त्यांना. हा करार मला लहानपणापासून आवडतो. तर मी माझ्या आईवडलांना पोचवलं, सासऱ्यांना पोचवलं आणि शेवटी नेहमीसारखं म्हणायला लागले, आयपेरीच्या वडिलांच्या आत्म्याला पोचो. मी ‘आयपेरीच्या’ म्हटलं, आणि नेमका तेव्हाच पलीकडच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला. ‘बाळा, जेवलीस का?’ पोरीच्या कानातली फोनची वायर निसटली असणार, ती त्यांचे जुने निरोप ऐकत बसते. माझी जीभ ‘वडिलांच्या’ या शब्दावर अडखळली, तो गिळला गेला, आणि सवयीनं पुढचं आपोआप बाहेर पडलं. आयपेरीच्या आत्म्याला पोचो. शेजारच्या बुबुकान-आपा समोरच बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. मीही फिरवले. मग मी चहा ओतला.

नवऱ्याचं नाव घेत असते तर हे झालं नसतं. पण मी ते घेत नाही. आमच्या गावाकडच्या, अत-बाशीच्या सुना नवऱ्याचं, सासऱ्याचं, दिराचं, कुणाचंच नाव घेत नाहीत, आणि नावासारखा शब्दही घेत नाहीत. माझ्या थोरल्या दिरांच्या नावाचा अर्थ लोखंड, म्हणून मी आयुष्यभर लोखंडाला ‘ते काळं’ म्हणत आले. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, ‘सुनेच्या तोंडातून नाव सुटलं की घरातून माणूस सुटतो.’ नवऱ्याच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून त्यांचं नाव असं ठेवलेलं की त्यात देवाची विनवणी आहे: हा तरी थांबो. म्हणजे त्यांच्या नावात ‘थांब’ आहे. लग्न झालं आणि ‘थांब’ हा शब्दच माझ्या तोंडातून गेला. गाईला, कुत्र्याला, रडणाऱ्या पोरीला मी ‘पुरे’ म्हणते, ‘धीर धर’ म्हणते. बिश्केक शहरात राहायला आल्यावर मिनीबसवाल्याला मात्र रशियनमध्ये थांबायला सांगते, परक्या भाषेत पाप लागत नाही. पोरीवरही रशियन चालवून पाहिलं होतं. पण रशियनमध्ये सांगितलेलं तिला शाळेतलं वाटतं, अंगाला लागत नाही. गंमत म्हणजे ज्याच्या नावात थांब होतं तो माणूस घरात कधी थांबलाच नाही. आयपेरी पाच वर्षांची असताना मॉस्कोला गेला, बांधकामावर. नवव्या वर्षी एकदा येऊन गेला, मग कागदपत्रांची काही भानगड झाली, तिकडून निघालं तर परत शिरू देणार नाहीत असं झालं, आणि आजउद्या करता करता गेल्या उन्हाळ्यात तिथल्याच खाटेवर झोपेत गेला. हृदय, असं कागदावर आहे.

बुबुकान-आपांनी ती चूक ऐकली होती. दुसऱ्या दिवशी मी त्यांचं भांडं परत द्यायला गेले तेव्हा त्या खिडकीशी घेवड्याच्या वाळल्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी विषय काढायच्या आतच म्हणाल्या, ‘माझे कान गेलेत असं माझी सून सांगते. पण नको ते नेमकं ऐकू येतं मला.’ मी म्हटलं, ‘आपा, आता काय होईल?’ ‘काय व्हायचंय? तुझा नवरा तिकडे उपाशी बसला असेल. म्हणत असेल, बायकोनं माझ्या वाटचं पोरीला घातलं. तसंही हयातभर तू पोरीलाच आधी वाढलंस.’ मी हसले नाही. तेव्हा त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. ‘अगं अनारकुल, पुढच्या गुरुवारी परत वास काढ, नीट म्हण. देव काय शाळेतली बाई आहे का, एका शब्दाला नापास करायला?’ आणि मी दाराशी पोचले तेव्हा त्यांनी मागून विचारलं, ‘पोरगी कशी आहे पण?’ त्या ‘पण’नं मी तशीच घाईघाईनं घरी निघाले.

कारण पोरगी बरी नव्हतीच. मी घरी आले, तिच्या खोलीचं दार लोटलं, आणि ती मला पहिल्यांदा गेलेल्या माणसासारखी दिसली. भिंतीला टेकून बसलेली, गुडघे पोटाशी, फोनच्या पडद्याचा निळसर उजेड हनुवटीपासून कपाळापर्यंत, आणि डोळे उघडे. आमच्या गावात माझ्या गेलेल्या आत्याला शेवटची आंघोळ घालताना मी पाणी ओतायला होते, तिचे डोळे मिटत नव्हते, चेहऱ्याचा तोच रंग. मी म्हटलं, ‘आयपेरी.’ काही नाही. परत म्हटलं. मी जवळ गेले आणि तिच्या नाकाशी बोटं धरली. मुलगी सतरा वर्षांची, आणि मी बाळंतिणीसारखी श्वास तपासत होते. तिनं कानातलं काढलं आणि म्हणाली, ‘काय करतेयस?’ ‘काही नाही. जेवायला चल.’ ‘पाच मिनिटं.’ तिची पाच मिनिटं मला माहीत आहेत, त्यात अख्खं जेवण गार होतं. तिच्या केसांना कालच्या तेलाचा वास येत होता. मला उगाच वाटलं, वास बरोबर ठिकाणी पोचलाय.

आणि मी हे सगळं कुणाला सांगावं? मी दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली असते. दिवसभर माझ्यापुढे कुणाची ना कुणाची मुलं बसतात, एक डोळा झाकून भिंतीवरची अक्षरं वाचतात. वरच्या ओळीतली मोठी दोन अक्षरं अख्ख्या शहराला पाठ आहेत, तिसऱ्या ओळीपासून खरं काय ते कळतं. हल्ली ती तिसऱ्या ओळीतच अडखळतात, डोळे चोळतात, डोकं दुखतं म्हणतात. डॉक्टरीणबाई थेंब लिहून देतात आणि बाकीचं बोलायचं काम माझं. ते मी पाठ केल्यासारखं बोलते. बाळांनो, थोडा वेळ झाला की फोन खाली ठेवायचा, मान वर करायची, खिडकीशी जायचं आणि डोंगराकडे बघायचं. डोळ्याला लांबचं लागतं. घोड्याला जसं मोकळं सोडावं लागतं तसं डोळ्यालाही सोडावं लागतं. आया माना डोलावतात, पोरं नाकात बोटं घालतात. त्या आठवड्यात एक दात पडलेली मुलगी उठून सरळ खिडकीशी गेली, बाहेर बघत राहिली आणि म्हणाली, ‘कुठाय डोंगर?’ हिवाळ्यात आमच्याकडे घरोघरी कोळसा जळतो, धुरानं समोरची इमारत दिसत नाही तिथे डोंगर कुठला दिसायला. तिची आई हसली. मीही हसले, आणि पुढच्या पोराला खुर्चीत बसवलं. पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. मिनीबसमध्ये सगळ्या माना खाली होत्या, सगळ्या हनुवट्यांवर तोच निळा उजेड. मी एकटीच वर बघत होते, वर काही नव्हतं. मला वाटलं, हे सगळे कुणाशी बोलताहेत? यांच्यातल्या किती जणांचं माणूस फोनच्या आत राहतं?

कारण आमचं राहत होतं. हे मला कबूलच करायला हवं की आमच्या घरात फोन हा बापच होता. संध्याकाळी तो वाजला की आयपेरी धावत यायची, त्याला साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायची, त्याच्यापुढे जेवायची, त्याच्यापुढे गणितं सोडवायची. ‘बाबा, हे बघा,’ म्हणून पडलेला दात तिनं त्या काचेला लावला होता. मी स्वयंपाक करता करता पाठीमागून एखादा शब्द टाकायची. ‘आयपेरीचे वडील, कोट घेतलात का?’ तिकडून हसू यायचं. झोपताना ती त्याला गालाशी घ्यायची. तेव्हा मी तिला कधी म्हटलं नाही की ठेव तो खाली, डोळे खराब होतील. कसं म्हणणार? आणि आता सांगायचं, की बाळा, हे यंत्र आहे, याला मधूनमधून विश्रांती द्यायची.

मी सांगून पाहिलं. रविवार होता, शाळेच्या बाईंचा फोन येऊन गेला होता, ‘हजेरी लागते, पण मुलगी वर्गात नसते, तुम्ही समजून घ्या.’ मी समजून घेतलं आणि तिच्या हातातून फोन ओढला. तिनं तो सोडला नाही. आम्ही दोघी पलंगावर गुडघे टेकून ओढाताण करत होतो, आणि कुणाचा तरी अंगठा कुठेतरी लागला. ‘बाळा, इथे आज खूप बर्फ पडतोय. आम्ही कामावरचे सगळे जेवायचे थांबलोय. तू जेवलीस का? मला कळव.’ आम्ही दोघींनी एकदम हात काढून घेतले. फोन गादीवर पडला आणि तो बोलत राहिला, मग संपला. किती साधा निरोप. असे शेकड्यांनी ठेवलेत तिनं. मी म्हटलं, ‘बाळा, तू त्यांना जाऊ दे आता. गेलेल्या माणसालाही विसावा लागतो. तू दिवसरात्र हाका मारतेस, ते येऊन येऊन दमतील.’ ती म्हणाली, ‘तू नाही मारत? तेल तापवून?’ ‘मी आठवड्यातून एकदा मारते. मग चहा ओतते आणि जाऊ देते.’ ‘तुझे गेलेत ना, म्हणून,’ ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं, मला वाटतं म्हणूनच मला ते इतकं लागलं. ‘माझ्यासाठी काय बदललंय, सांग ना. तेव्हाही फोनमध्येच होते. आताही फोनमध्येच आहेत. फक्त नवीन काही बोलत नाहीत. मेलेत ते तुझ्यासाठी मेलेत, आई.’

मी स्वयंपाकघरात येऊन कांदा चिरायला घेतला, म्हणजे डोळ्यांना निमित्त. तिचं खरंच होतं. मॉस्कोहून पेटी आली ती बंद होती, तशीच गावी नेली. बायका कबरीपर्यंत जात नाहीत, आम्ही दुखवट्याच्या तंबूत भिंतीकडे तोंड करून बसलो आणि हेल काढून रडलो, आणि पुरुष त्याला घेऊन गेले. आयपेरी माझ्या शेजारी होती, काळ्या ओढणीत. मी रडताना मधेच वळून पाहिलं तर तिच्या ओढणीच्या आत उजेड होता. माझ्या नणंदेनं तो फोन हिसकावून घेतला आणि ‘शहरात वाढवलीस ना, भोग’ असं माझ्याकडे बघून म्हणाली. तेव्हा मला नणंदेचा राग आला होता. कांदा चिरताना मात्र भीती वाटली. म्हणजे त्या दिवशी तंबूतून एक माणूस बाहेर गेला आणि एक माणूस फोनच्या आत गेलं, आणि मी एकाचंच रडले. माझ्या जिभेनं त्या गुरुवारी चूक केली नव्हती, तिला माझ्याआधी कळलं होतं. हा विचार आला आणि मी सुरी ठेवून दिली. त्यानंतरचे दिवस मी फार वाईट काढले. ती शाळेत गेली की वाटे येणार नाही, आली की वाटे ही आलेली नाही. रस्ता ओलांडताना तिची मान खाली असते, हे मला दवाखान्यात बसल्याबसल्या दिसायचं. मी तिला उगाच फोन करायची, ती उचलायची नाही, मग मी स्वतःच त्या यंत्राला विनवायची की उचल गं बाई.

गुरुवारी मी लवकर घरी आले. कणीक मळली, तेल तापवलं, दुपारच्या उजेडातच तळायला घेतलं. बुबुकान-आपांना बोलावलं नाही. या वेळी साक्षीदार नको होता. बोरसोक फुगत होते, मी ते झाऱ्यानं उलटत होते आणि मनात वाक्य घोकत होते, परीक्षेला बसल्यासारखी. आयपेरीच्या वडिलांच्या आत्म्याला पोचो. आयपेरीच्या वडिलांच्या. आणि जितकं घोकलं तितकं मला कळत गेलं की चूक परत होणार. त्या वाक्याच्या तोंडाशी माझी मुलगी उभी आहे. तिच्या खांद्यावरून हात घातल्याशिवाय मला माझ्या नवऱ्यापर्यंत पोचताच येत नाही. इतकी वर्षं मी त्याला तिच्यातून हाक मारली, तो गेला तेव्हाही तिच्यातूनच गेला. मग ती त्याच्यामागे निम्मी गेली यात नवल काय?

ती आली होती. खोलीत होती, दार लोटलेलं. मी हाक मारली, उत्तर आलं, ‘पाच मिनिटं.’ मी बोरसोक ताटात काढले आणि दस्तरखान स्वयंपाकघरात न घालता तिच्या दाराशी, बोळात घातलं. जमिनीवर बसले. येतं तेवढं म्हटलं. आईला पोचवलं, वडलांना पोचवलं, सासऱ्यांना पोचवलं. मग सासूबाई दिसल्या, बजावताना वर केलेलं त्यांचं बोट दिसलं. मी मनात म्हटलं, सासूबाई, माणूस तर सुटलाच की, नाव न घेता. आता दुसरं सुटतंय.

‘तोक्तोसुन,’ मी म्हटलं. माझ्या स्वतःच्या कानांना तो आवाज परका लागला, एखाद्या मुलीचा असावा तसा. मग अजून मोठ्यांदा, ‘तोक्तोसुनच्या आत्म्याला पोचो.’

आत पलंग करकरला. दार उघडलं. आयपेरी उभी होती, एका कानात वायर, एक कान मोकळा. ‘काय म्हणालीस? तू बाबांचं नाव घेतलंस? मला वाटलं तू मला थांब म्हणालीस. तू तर तेही म्हणत नाहीस.’ तिचा चेहरा इतका जागा मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. आणि मग तिनं फोन वर धरला, माझ्या तोंडासमोर. ‘परत म्हण ना. रेकॉर्ड करते.’

मला तिचा राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. ती दुसरं काय करणार होती, तिला प्रेम साठवायची तेवढी एकच जागा माहीत होती. पण मला त्या काचेची भयंकर धास्ती वाटली, की आता मीही आत जाणार, आणि उद्यापासून ती माझं तोंड बघायची सोडून मला कानाला लावून बसेल. मी तळहात काचेवर ठेवला. ‘यात नाही म्हणणार. तुझ्यासमोर म्हणेन.’ ‘फक्त एकदा.’ ‘कितीही वेळा म्हणेन. तू हे ठेवून आलीस की. चहा ओतेपर्यंत. मग घे परत, मी काही बोलणार नाही.’ ती बघत राहिली, मी खोटं बोलतेय का ते. मग तिनं फोन खोलीत पलंगावर ठेवला. तिचे हात रिकामे झाले तसे तिला ते कुठे ठेवावेत कळेना, तिनं ते काखेत घातले. माझ्यासमोर येऊन मांडी घातली. मी नाव घेतलं. तीही ओठ हलवत होती. मी परत घेतलं. तिसऱ्यांदा घेताना मला हसू आलं, लाजेचं, या वयात, आणि तिलाही आलं.

‘तू त्यांना हाक कशी मारायचीस मग?’ तिनं बोरसोक तोडत विचारलं. ‘मारायचीच नाही. भांडं आपटायची. त्यांना कळायचं.’ ती खात होती, भूक लागल्यासारखी, भराभरा, बोटांना तेल. मी चहाच्या किटलीला हात लावला नाही. तिनं दुसरा घेतला, तिसरा घेतला आणि मधेच थांबली. ताटाकडेच बघत म्हणाली, ‘आई, एक विचारू? हसू नकोस.’ ‘विचार.’ ‘बाबा किती उंच होते?’

मला आधी प्रश्नच समजला नाही. ‘म्हणजे लहानपणी मला ते खूप उंच वाटले होते. पण तेव्हा मी लहान होते. आणि नंतर तर,’ तिनं दोन्ही हातांनी हवेत चौकोन केला, चेहऱ्याएवढा, ‘एवढेच दिसायचे. मी सगळे निरोप ऐकले, सगळे फोटो बघितले. सगळीकडे ते एकटेच असतात, नाहीतर बसलेले असतात. शेजारी कुणी नसतं मोजायला.’

मी उठले. गुडघे दुखले, भिंतीला धरून उठले. दाराच्या चौकटीला पाठ लावली आणि आठवू लागले. लग्नातलं आठवलं नाही, विमानतळावरचंही नाही. एकदा दिवा बदलताना मी त्यांच्या शेजारी खुर्ची धरून उभी होते, तेव्हा माझं नाक त्यांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी आलं होतं. मी नाक तिथे ठेवलं, हवेत, आणि हात वर केला, सरकवत सरकवत नेला, अजून थोडा, आणि आडवा धरला. ‘इतके,’ मी म्हटलं.

आयपेरी आली आणि माझ्या हाताखाली उभी राहिली. टाचा टेकून, पाठ ताठ करून, मान वर. तिचं डोकं आणि माझा तळवा यांच्यामध्ये वीतभर जागा उरली. तिनं हात वर नेला आणि ती जागा चाचपून पाहिली, पुढून, मागून, तिथे काही नव्हतं. मग तिचे ओठ वाकडे व्हायला लागले. ‘हात तसाच ठेव,’ ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यात तोंड घालून हेल काढून रडायला लागली. मी दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला. वरचा हात भरून आला, मग बधिर झाला, तरी मी तो खाली घेतला नाही.